जुन्या वळणाच्या विज्ञानकथा ॲक्शन फिगर: निवड, खरेदी आणि जतन

मागे रंगीत छापील कार्ड, त्यावर चिकटवलेला पारदर्शक बबल, वरच्या कडेला दुकानातल्या हुकासाठी भोक आणि आत मान, दोन खांदे व दोन मांड्या एवढेच पाच सांधे असलेली जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर (पावणेचार इंच) उंचीची फिगर. अमेरिकेतील केनर कंपनीने १९७८ साली ‘स्टार वॉर्स’च्या फिगर याच रूपात दुकानांत आणल्या आणि आजही नवे अंतराळवीर, यंत्रमानव आणि परग्रहवासी याच रूपात विकायला येत आहेत. कोपर, गुडघे आणि मनगट वळवता येतील असे सांधे बसवणे आजच्या कारखान्यांना सहज जमते, तरीही ते मुद्दाम बसवले जात नाहीत. अशा फिगर गोळा करू इच्छिणाऱ्या प्रौढ हौशी संग्राहकासाठी हा लेख आहे. या छंदात सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो आपल्याला नेमके कशा प्रकारचे जुनेपण हवे आहे हे न ठरवता केलेल्या फुटकळ खरेदीत. म्हणून पहिली पायरी पाकीट उघडण्याची नसून ही निवड करण्याची आहे.

पहिली पायरी: कोणते जुनेपण हवे ते ठरवावे

बाजारात ‘रेट्रो’ म्हणून जे काही मिळते त्याचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात आणि त्यांचे चाहते, किमती व जतनाच्या गरजा वेगवेगळ्या आहेत.

पहिल्या प्रकारात फिगर नवी असते, पण तिचे अंग आणि वेष्टन दोन्ही जुन्या पद्धतीचे असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘एलियन’चे आहे. १९७९ साली केनरने या चित्रपटातील परग्रहवासीयाची १८ इंची फिगर काढली. मात्र चित्रपट प्रौढांसाठीचा आणि खेळणे मुलांना घाबरवणारे, त्यामुळे ती फार काळ दुकानांत टिकली नाही. त्याच वेळी पावणेचार इंची फिगरची एक मालिकाही कंपनीत आखली गेली होती. तिचे नमुने तयार झाले, पण मालिका कधीच विक्रीला आली नाही. पुढे ते नमुने सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपर७ या कंपनीच्या हाती लागले आणि २०१३ मध्ये रिप्ली, ॲश, डॅलस, अंतराळपोशाखातील केन आणि खुद्द एलियन अशा पाच फिगर, ३४ वर्षे उशिरा का होईना, कार्डावर चढल्या. त्यातूनच ‘रीॲक्शन’ ही मालिका उभी राहिली. सुरुवातीला तिच्यात फंको कंपनीचाही सहभाग होता. पुढे ती सुपर७नेच चालवली. ‘स्टार वॉर्स’चे हक्क आज हॅस्ब्रोकडे आहेत. त्या कंपनीने २०१९ मध्ये ‘रेट्रो कलेक्शन’ सुरू करताना पहिल्या चित्रपटातील खलनायक ग्रँड मॉफ टार्किन याची फिगर एका जुन्या बोर्ड गेमच्या नव्या आवृत्तीसोबत दिली. केनरने १९७८ ते १९८५ या काळात इतक्या फिगर काढल्या, पण टार्किन त्यांत नव्हता. ही उणीव संग्राहकांना चाळीस वर्षे सलत होती.

दुसऱ्या प्रकारात कार्ड जुन्या धाटणीचे असते आणि आतली फिगर मात्र पूर्णपणे आजची असते. हॅस्ब्रोची ‘व्हिंटेज कलेक्शन’ ही मालिका २०१० मध्ये सुरू झाली, दोन-तीन वर्षांनी थांबली आणि २०१८ मध्ये पुन्हा आली. तिची उंची तीच पावणेचार इंची, पण कोपर, गुडघे आणि घोटे वळतात, चेहरेपट्टी अभिनेत्याशी जुळते. पाच सांध्यांच्या फिगरशेजारी ही फिगर उभी केली की दोघींचेही रूप बिघडते. त्यामुळे एकाच फळीवर हे दोन प्रकार मिसळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार जुन्या शरीरबांध्यांच्या पुनरुज्जीवनाचा. मेगो कंपनीने १९७० च्या दशकात ८ इंच उंचीच्या, कापडी कपडे घातलेल्या फिगर लोकप्रिय केल्या आणि १९७४ च्या सुमारास ‘स्टार ट्रेक’ व ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या मालिका काढल्या. ‘स्टार वॉर्स’चे हक्क चालून आले असता याच कंपनीने ते नाकारले, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ती दिवाळखोरीत गेली; खेळण्यांच्या इतिहासात हा निर्णय आजही चघळला जातो. २०१८ पासून मेगोचे नाव पुन्हा बाजारात आहे. जेंटल जायंट या कंपनीने केनरच्या छोट्या फिगरचे संगणकीय स्कॅन करून त्याच फिगर १२ इंच उंचीच्या काढल्या. त्यांत मूळच्या साच्यातील बोजड बोटे आणि जाड टोप्यासुद्धा जशाच्या तशा आहेत, आणि गंमत त्यातच आहे.

चौथ्या प्रकारामागे चित्रपटच नसतो. कलरफॉर्म्स कंपनीने १९६८ साली ‘आउटर स्पेस मेन’ या नावाने सात परग्रहवासी काढले होते. ते रबरी होते आणि आतल्या तारेमुळे हवे तसे वाकत. फोर हॉर्समेन या शिल्पकारांच्या गटाने २०१० च्या सुमारास तीच पात्रे नव्याने घडवली, पण या वेळी तारेऐवजी ‘ग्लायोस’ पद्धतीचे खुंटीचे सांधे वापरले. ग्लायोस ही ऑनेल डिझाइन या छोट्या संस्थेची पद्धत असून तिच्यातील खुंट्यांचे माप सर्वत्र एकच असते, त्यामुळे एका फिगरचा हात दुसरीला आणि दुसरीचे डोके तिसरीला बसते. हे वळण जपानमधून आले आहे. ताकारा कंपनीने १९७४ मध्ये ‘मायक्रोमॅन’ काढले आणि मेगोने तेच १९७६ पासून ‘मायक्रोनॉट्स’ या नावाने अमेरिकेत विकले. पारदर्शक रंगीत धड, चांदीसारखे चकाकणारे डोके आणि सुटे होऊन पुन्हा जुळणारे भाग ही त्यांची ओळख होती.

नवख्या संग्राहकाने पहिल्या किंवा चौथ्या प्रकाराने सुरुवात करावी. पहिल्यात कार्डाची कलाच निम्मी गोष्ट सांगते आणि चौथ्यात हाताला काम मिळते. दुसरा प्रकार सर्वांत पसरट आहे. त्यात एकाच पात्राच्या अनेक आवृत्त्या निघत राहतात आणि संग्रहाला शेवट सापडत नाही.

दुसरी पायरी: माप आणि मर्यादा

माप म्हणजे नुसती उंची नव्हे, तर किती जागा लागणार याचा अंदाज. केनरने पावणेचार इंचांचे माप घेतले, कारण मोठ्या फिगरला शोभेल एवढे अंतराळयान बनवले असते तर ते कोणाला परवडलेही नसते आणि घरात मावलेही नसते. संग्राहकाच्या बाबतीत हाच हिशेब उलट बाजूने लागू होतो. कार्डासह ठेवायची फिगर साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि २३ सेंटिमीटर उंच जागा घेते, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या फळीवर एका रांगेत सहाच कार्डे बसतात. सुट्या फिगर त्याच फळीवर सहज वीस-पंचवीस उभ्या राहतात. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा फरक निर्णायक ठरतो.

मर्यादा एका वाक्यात लिहून ठेवावी. ‘केवळ पाच सांध्यांचे, केवळ अंतराळपोशाखातील, केवळ १९८५ पूर्वीच्या कथांवर आधारलेले’ अशी मर्यादा चांगली, कारण तिच्यावर हो किंवा नाही असे उत्तर देता येते. ‘आवडेल ते’ ही मर्यादा होत नाही. एखाद्या मालिकेतील सगळ्याच फिगर घेण्याचा हट्टही धरू नये. रीॲक्शन मालिकेत आता विज्ञानकथांखेरीज गायक, खेळाडू आणि भयपटांतील पात्रेही आहेत, आणि त्यांच्या मागे लागल्यास मूळ विषय हातून निसटतो.

तिसरी पायरी: खरेदीचे मार्ग आणि खरा खर्च

या मालिकांतील बऱ्याच फिगर आधी नोंदणी घेऊन मगच बनवल्या जातात. नोंदणी आणि प्रत्यक्ष पार्सल यांत महिने जातात, म्हणून नोंदणीची पावती, कबूल केलेली किंमत आणि क्रेडिट कार्डावरून पैसे कधी कापले जाणार याची तारीख एकत्र लिहून ठेवावी. वाट पाहायला लावण्याची ही परंपरा केनरपासूनची आहे: १९७७ च्या नाताळात फिगर तयार नसल्याने कंपनीने चक्क रिकामा पुठ्ठा आणि प्रमाणपत्र असलेले पाकीट विकले होते आणि फिगर पुढच्या वर्षी टपालाने पाठवल्या होत्या.

भारतातून परदेशी दुकानातून मागवताना छापील किंमत ही केवळ सुरुवात असते. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले आहे. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या पार्सलवरचे शुल्क वेगळ्या शीर्षाखाली लागते आणि त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरील चालू दर पाहावा. कुरिअर कंपनी ओळखपत्र मागते आणि शुल्क भरून घेण्याचा स्वतंत्र आकारही लावते. या सगळ्यामुळे एका फिगरचे पार्सल मागवणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. चार-पाच फिगर एकत्र मागवाव्यात आणि छापील किमतीच्या दुप्पट खर्च गृहीत धरूनच हिशेब करावा. वस्तूची किंमत कमी दाखवण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली तरी ती नाकारावी. पार्सल अडकले तर जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणारा मामेभाऊ अथवा मावशी दिवाळीत येणार असेल तर अनेकांची खरेदी त्यांच्या बॅगेतून होते. यात गैर काही नाही, फक्त प्रवाशाच्या शुल्कमुक्त मर्यादेत ती बसली पाहिजे आणि पावती बॅगेत असली पाहिजे. कार्डासह फिगर आणायची असेल तर त्यांना आधीच कळवावे की ती कपड्यांच्या मधोमध, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवावी. ‘जरा जपून आणा’ एवढ्या सांगण्याचा उपयोग होत नाही.

देशांतर्गत जुन्या बाजारात एक वेगळा धागा सापडतो. हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये उभ्या राहिलेल्या फनस्कूलने भारतात ‘जी. आय. जो’च्या फिगर काढल्या. कंपनीचे कारखाने गोव्यातही आहेत. अमेरिकेत कधीच न निघालेल्या रंगसंगतीमुळे या भारतीय फिगरना परदेशी संग्राहक आजही शोधतात. आपल्याकडे माळ्यावरच्या डब्यात अशा फिगर असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. परदेशी संग्राहकांशी देवघेव करण्यासाठी त्या उत्तम चलन आहेत.

चौथी पायरी: घेण्यापूर्वीची तपासणी

कार्डासह फिगर घेताना विक्रेत्याकडून चार छायाचित्रे मागावीत: समोरून, मागून, वरच्या भोकाजवळून आणि बबलच्या कडेने तिरप्या प्रकाशात. तिरप्या प्रकाशातले छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे असते. समोरून सपाट दिसणाऱ्या कार्डावर बबलच्या डाव्या कोपऱ्यापासून निघालेली बारीक पांढरी रेघ केवळ अशाच प्रकाशात दिसते. ती रेघ म्हणजे कार्ड एकदा वाकून सरळ केलेले आहे. बबलच्या कडेला कागदाचे तंतू उचललेले दिसले, किंवा गोंदाचा पट्टा एका बाजूला चकाकता आणि दुसऱ्या बाजूला मंद दिसला, तर बबल काढून पुन्हा चिकटवल्याचा संशय घ्यावा. वरच्या भोकाचा गोल तुकडा अजून जागेवर असेल, म्हणजे कार्ड कधी हुकाला लटकलेच नसेल, तर संग्राहक थोडे जास्त पैसे मोजतात. नव्या मालिकांच्या बाबतीत मला हा जादा भाव अनाठायी वाटतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हॅस्ब्रोच्या रेट्रो कलेक्शनमधील काही कार्डांवर झिजलेल्या कडा आणि सुरकुत्या यांचा आभास मुद्दाम छापलेला असतो. छायाचित्रात तो खरा वाटतो आणि नवखा ग्राहक चांगली वस्तू खराब म्हणून परत पाठवतो. त्याच कार्डाचे कंपनीने प्रसिद्ध केलेले छायाचित्र शेजारी ठेवून पाहिले की छापील सुरकुती आणि खरी सुरकुती लगेच वेगळी ओळखता येते, कारण छापील सुरकुती प्रत्येक प्रतीवर त्याच जागी असते.

सुटी फिगर घेताना उलट धोका असतो: नवी रेट्रो फिगर १९७८ ची म्हणून विकली जाते. अशा वेळी फिगर उलटी करून पायाच्या मागची अक्षरे वाचावीत. केनरच्या पहिल्या बारा फिगरवर १९७७ हे साल आणि केनरची तेव्हाची मालक असलेल्या जनरल मिल्सच्या खेळणी विभागाची ‘जी.एम.एफ.जी.आय.’ ही आद्याक्षरे उठवलेली असतात. नंतरच्या अनेकांवर ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या ल्यूकासफिल्मची ‘एल.एफ.एल.’ ही अक्षरे येतात. नव्या फिगरवरील खुणा वेगळ्या असतात. खूण खरवडून काढलेली दिसली तर तो सौदा तेथेच सोडावा.

छोटी शस्त्रे आणि अंगरखे हा फसवणुकीचा सर्वांत मोठा प्रांत आहे, कारण बोटाच्या पेराएवढ्या बंदुकीची नक्कल करणे सोपे असते. मूळ शस्त्र पाण्यावर तरंगते आणि नकली बुडते, ही कसोटी संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. परंतु काही मूळ शस्त्रे बुडतात आणि काही नकली तरंगतात, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. साच्याच्या कडेची धार, पृष्ठभागाची चकाकी आणि बारकाव्यांचा ठसठशीतपणा यांची तुलना खात्रीच्या नमुन्याशी करणे हाच खरा उपाय आहे. तुर्कस्तानात ‘उझाय’ या नावाने निघालेल्या बेकायदा नकलांना मात्र त्यांच्या विचित्र रंगांमुळे आणि चित्रांमुळे आज स्वतंत्र मागणी आहे, आणि आता त्या नकलांच्याही नकला होतात.

मोठ्या रकमेच्या खरेदीत संग्राहक श्रेणी देणाऱ्या संस्थेची मदत घेतात. अमेरिकेतील ॲक्शन फिगर ऑथॉरिटी ही संस्था १०० पैकी गुण देऊन फिगर ॲक्रिलिकच्या पेटीत सीलबंद करते. १९७० च्या दशकातील कार्डासाठी हा खर्च समजण्यासारखा आहे. अजून कारखान्यातून निघणाऱ्या वीस डॉलरच्या रेट्रो फिगरला श्रेणी देऊन आणण्यात फक्त पेटी बनवणाऱ्याचा फायदा होतो.

पाचवी पायरी: उघडावी की नाही

या प्रश्नावर भांडणे होतात, पण वर ठरवलेल्या प्रकारातून त्याचे उत्तर आपोआप मिळते. पहिल्या प्रकारात कार्ड हा कलाकृतीचाच भाग आहे, म्हणून ते अखंड ठेवणे सयुक्तिक आहे. चौथ्या प्रकारातील ग्लायोस फिगर न उघडता ठेवणे म्हणजे तिचा हेतूच नाकारणे होय. मेगोसारख्या कापडी कपड्यांच्या फिगर उघडल्यावरच हाती लागतात. परवडत असेल तर आवडत्या पात्राच्या दोन प्रती घ्याव्यात. एकच घेतली असेल आणि ती उघडायची असेल, तर धारदार पात्याने बबलच्या केवळ खालच्या कडेने चीर द्यावी आणि कार्ड अखंड ठेवून फिगर पुन्हा आत सरकवता येईल अशी सोय करावी. कार्ड ओढून फाडले तर पुढचा छापील थर गोंदाबरोबर निघून येतो आणि तो पुन्हा बसवता येत नाही.

सहावी पायरी: जतन, आणि मुख्यतः पावसाळा

परदेशी मार्गदर्शिका सूर्यप्रकाशाची भीती घालतात. ती खरीच आहे: अतिनील किरणांनी पांढरे व करडे कठीण प्लास्टिक पिवळे पडते आणि लाल छपाई सर्वांत आधी फिकट होते. आपल्याकडे मात्र दमट हवा हा मोठा शत्रू आहे. कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. छापील कार्ड हे दोन बाजूंनी वेगवेगळा लेप असलेले कागदी पुठ्ठे असते. एक बाजू पाणी जास्त शोषते, दुसरी कमी, आणि कार्ड धनुष्यासारखे वाकते. वाकलेल्या कार्डावरचा बबल वाकत नाही, म्हणून कडेचा गोंद सुटतो. त्यानंतर तपकिरी ठिपके आणि बुरशी येते, आणि कसर लागली तर ती गोंद आणि कागद दोन्ही खाते.

यावर उपाय साधे आहेत, पण ते मे महिन्यातच करायचे असतात. प्रत्येक कार्डासाठी कडक पारदर्शक पेटी घ्यावी. ती पीईटी प्लास्टिकची असावी; मऊ पीव्हीसीच्या पिशव्या कार्डाला चिकटतात. पेट्या घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि रंग बदलणारे जेल घ्यावे म्हणजे ते कधी तापवून पुन्हा वापरायचे ते कळते. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखावा. अति कोरडेपणाही चांगला नाही, कारण त्याने गोंद ठिसूळ होतो. भिंतीला टेकलेल्या कपाटात, विशेषतः पावसाची झोड घेणाऱ्या भिंतीच्या बाजूला, संग्रह ठेवू नये. कपाट आणि भिंत यांत चार बोटे अंतर ठेवावे. उघड्यावरच मांडायचे असेल तर ओल शोषणारे यंत्र हा खर्च टाळता येत नाही.

डांबरगोळ्या मात्र चुकूनही ठेवू नयेत. कपड्यांच्या कपाटात त्या घालण्याची आपली सवय जुनी आहे, पण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक, विशेषतः पॉलिस्टायरिन, मऊ पडून चिकट होते आणि रंग उठतो. कसरीसाठी कपाट कोरडे व स्वच्छ ठेवणे आणि चिकट सापळे लावणे पुरेसे आहे.

मऊ पीव्हीसीच्या फिगरची एक स्वतंत्र व्याधी आहे. हे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य उष्णतेत हळूहळू पृष्ठभागावर येते आणि फिगर हाताला चिकट लागते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने ती धुवावी आणि कापडाने टिपून सावलीत वाळवावी. नेलपॉलिश काढण्याचे द्रव किंवा थिनर लावल्यास रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळतात. हेच तेलकट द्रव्य शेजारच्या कठीण प्लास्टिकलाही खाते, म्हणून रबरी नळ्या, मऊ अंगरखे आणि कठीण यानाचे भाग एकमेकांना टेकवून वर्षानुवर्षे ठेवू नयेत. मायक्रोनॉट्सच्या वळणाच्या फिगरवरचा चांदीसारखा थर अतिशय पातळ असतो. त्याला कोरडे मऊ कापड सोडून काहीही लावू नये, नुसत्या बोटांनीही तो सांध्यांजवळ झिजतो.

सातवी पायरी: किरकोळ दुरुस्ती

नव्या फिगरचे पाय अनेकदा बबलमधल्या दाबाने वाकलेले निघतात आणि ती उभी राहत नाही. त्यासाठी हाताला सोसणार नाही पण उकळलेलेही नाही, अशा साधारण ६० ते ७० अंशांच्या पाण्यात पाय अर्धा मिनिट धरावा, मऊ झाल्यावर सरळ करावा आणि त्याच स्थितीत लगेच थंड पाण्यात बुडवावा. घट्ट बसलेला सांधाही आधी असाच गरम करून मगच हलवावा. थंड असताना जोर केला तर खुंटी तुटते. सैल सांध्याला पारदर्शक ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशचा पातळ थर देऊन पूर्ण वाळू द्यावे, घट्टपणा परत येतो. मेगोच्या पद्धतीच्या अंगात हातपाय आतल्या लवचिक दोरीने ताणलेले असतात. ती सैल पडली तर अंग उघडून दोरी बदलावी लागते. हे काम पहिल्यांदा एखाद्या फालतू अंगावर करून पाहावे.

पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने पांढरे करण्याची पद्धत प्रचलित आहे. त्याने रंग तात्पुरता उजळतो, पण प्लास्टिक पुन्हा पिवळे पडू शकते आणि ठिसूळही होते. विकताना ही गोष्ट लपवली जाते, म्हणून फार पांढरी जुनी फिगर दिसली की आधी हा प्रश्न विचारावा. कार्डाची फाटकी कड रंगवून झाकणे, बबल पुन्हा चिकटवणे हे प्रकार स्वतःच्या समाधानासाठी केले तरी नोंदीत लिहून ठेवावेत.

आठवी पायरी: मांडणी आणि नोंदवही

सुट्या फिगरसाठी पायाच्या तळव्यातील भोकात बसणारे पारदर्शक पाट वापरावेत. साध्या चिकट पुट्टीमधले तेल मुरून तळव्यावर डाग पडतात. दिव्यांसाठी एलईडी घ्यावेत आणि ते पेटीच्या बाहेर ठेवावेत. मांडणी मालिकेनुसार न करता रंगानुसार किंवा प्रसंगानुसार केली तर जुन्या वळणाचे भडक नारिंगी, चांदी आणि निळे रंग उठून दिसतात; पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे.

नोंदवही आवडीवर सोडू नये. प्रत्येक फिगरसाठी मालिका, निर्मितीचे साल, पायावरची अक्षरे, घेतल्याची तारीख, मूळ किंमत, शुल्क व टपालखर्च, सोबतच्या वस्तूंची यादी, केलेली दुरुस्ती आणि साठवणीची जागा एवढ्या गोष्टी लिहाव्यात. सोबतच्या वस्तूंची यादी विशेष महत्त्वाची आहे, कारण तीन सेंटिमीटरची बंदूक हरवली तर ती कोणत्या फिगरची होती हे दोन वर्षांनी कोणालाही आठवत नाही. सुट्या शस्त्रांसाठी छोट्या झिपच्या पिशव्या घेऊन त्यांवर फिगरचा नोंदक्रमांक पेन्सिलने लिहिलेली कागदी चिठ्ठी आत टाकावी. शाईचे अक्षर दमट हवेत फुटते आणि प्लास्टिकला डाग देते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर प्रत्येक कार्डाचे समोरून व मागून एक छायाचित्र काढून त्याच क्रमांकाने साठवले, की वाकणे किंवा ठिपके कोणत्या डब्यात सुरू झाले ते दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहता येते आणि त्याच डब्यातले सिलिका जेल बदलता येते.